शंभर ग्रॅमच्या आत

"तुमच्या हातून कधी कुणी मेलंय का हो, बाई?"

प्रश्न विचारला तेव्हा वर्गात रेडिओ म्हणून ओळखली जाणारी ती मुलगी शाळेच्या वाचनालयात एका अरुंद पलंगावर उताणी पडली होती. मान डावीकडे बरोबर तीस अंश वळवलेली, गळ्याच्या उजव्या बाजूवर गार जेलचा लपका. दाराबाहेर तिच्या दोन मैत्रिणी, लंबू आणि चष्मिश, एकमेकींच्या तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू, नाही विचारलंस तर आमची दोघींची तू.

सोनोग्राफीचं यंत्र चालवणाऱ्या जेलीबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"सोनोग्राफीनं कोणी मरत नाही," त्या म्हणाल्या. "कंटाळून मेलं असेल एखादं. मान हलवू नकोस."

दाराबाहेर फिस्सकन आवाज झाला. रेडिओ मात्र शहाण्यासारखी गप्प झाली, कारण दप्तर तर जिंकून झालं होतं.

जेलीबाई हे नाव पहिल्याच दिवशी पडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्रेपन्न वर्षांच्या, काटकुळ्या, केस करकचून बांधलेल्या, राखाडी स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. हॉस्पिटलात सव्वीस वर्षं सोनोग्राफीचं काम. प्रत्येक मुलाला त्या एकच वाक्य सांगायच्या, "गार लागेल, तीन म्हणायच्या आत सवय होईल," आणि मग 'तीन' इतक्या सावकाश म्हणायच्या की खरंच सवय होऊन जायची. हसायच्या फारशा नाहीत, पण रडणारं पोर त्यांच्याकडे गेलं की दोन मिनिटांत रडायचं विसरायचं, त्यात त्यांचा हातखंडा होता.

रेडिओ हे नाव मात्र तिला याच वर्षी मिळालं होतं आणि ती ते पदकासारखं मिरवत होती. गेल्या वर्षापर्यंत तिचा आवाज कसा आहे हे वर्गातल्या निम्म्या मुलींना माहीत नव्हतं. हजेरीला ती हात वर करायची, तोंड उघडायची नाही. मग वक्तृत्व स्पर्धेत बोलणारी मुलगी आयत्या वेळी आजारी पडली, वर्गशिक्षिकांनी हिला पुढे ढकललं, आणि पाच मिनिटांच्या भाषणात ही अकरा मिनिटं बोलली. एकदा बटण चालू झालं ते झालं.

पडदा तिला तिरका दिसत होता. करड्या धुक्यात दोन काळी वर्तुळं. एक लहान, टणक, ठोके देणारं. दुसरं मोठं, लोळत पडलेलं, श्वासाबरोबर फुगणारं. शाळेच्या पुस्तकात यांना रोहिणी आणि नीला म्हटलं होतं, आणि लंबूच्या मते ही एका बाकावर बसणाऱ्या दोघींची नावं होती. जेलीबाई प्रत्येक मुलाला एकदा गंमत दाखवत. प्रोब, म्हणजे दाढीच्या यंत्राएवढा वायर लावलेला ठोकळा, त्या जरासा रुतवत. मोठं वर्तुळ डोळा मिटावा तसं बंद होई. हात उचलला की उघडे. "दाबली की मिटते ती नीला," त्या सांगत. "दाबूनही मिटत नाही ती रोहिणी. नीला सुईला चालते, रोहिणी चालत नाही. म्हणून कोण कुठे राहतं ते आधी बघून ठेवायचं."

सगळा खटाटोप त्यासाठीच होता. मूल फार आजारी असलं की हातापायाच्या शिरा सापडेनाशा होतात आणि मानेतल्या मोठ्या शिरेत सुई घालावी लागते. ती शीर मुलांमध्ये किती खोल, किती रुंद, मान वळवली की रोहिणीच्या अंगावर किती सरकते, याचा वयाप्रमाणे तक्ता भूल देणाऱ्या डॉक्टरांना करायचा होता. त्यासाठी पाच ते पंधरा वर्षांच्या दोनशे दहा धडधाकट मुलांच्या माना हव्या होत्या. धडधाकट मुलं शाळेत मिळतात, म्हणून वाचनालयातली दोन टेबलं भिंतीला गेली आणि पलंग आत आला.

रेडिओचं वर्तुळ मिटलं. उघडताना ते पुरतं उघडलं नाही. पेंगणाऱ्या डोळ्यासारखं अर्धवट राहिलं, आणि बाईंनी बटण दाबून चित्र गोठवलं.

"तीन पूर्णांक दोन मिलिमीटर," त्या म्हणाल्या. कोपऱ्यात लॅपटॉपशी बसलेल्या डॉक्टरांनी आकडा टाइप केला. "झालं. टिश्यू घे. दोन घे, लपका मोठा होता."

*

दोन दिवसांनी घरी फोन आला. मुलीची एका बाजूची शीर वयाच्या मानानं फार बारीक वाटते. काळजीचं काही नाही, पण शनिवारी हॉस्पिटलात आणलंत तर पुन्हा बघू.

'काळजीचं काही नाही' हे ऐकल्याबरोबर आईनं काळजी करायला घेतली. बाबांनी फोनवर शोधून शोधून चार आजार काढले, त्यांतले दोन मुळात घोड्यांना होणारे होते. रेडिओला स्वयंपाकघरातली साधी बरणी उचलू देईनात. सात वर्षांची धाकटी बहीण, छोटी, तिच्या गळ्याकडे असं टक लावून बघायची की जणू तिथून काहीतरी बाहेर पडणार आहे.

शनिवारी डॉक्टरांनी स्वतः प्रोब धरला. तरुण होते, हसरे होते, आणि घाईत होते. जरा वेळ पडद्याकडे बघून ते म्हणाले, "दहा पूर्णांक आठ. एकदम छान शीर आहे."

"मग तेव्हा तीन कशी आली?" बाबांनी विचारलं.

"तेव्हा ही बोलत होती." डॉक्टर हसले. "मी तिथेच होतो, काय विचारलं तेही ऐकलं. बोलताना श्वास बदलतो, मान हलते, सगळंच बिघडतं. बाईंचा हात चुकत नाही हो. मला प्रोब धरायला त्यांनीच शिकवलंय."

बाबांनी मुलीकडे बघितलं. ते बघणं घरी पोचेपर्यंत पुरलं.

"तुझ्या तोंडापायी आईचं वजन दोन किलोनं उतरलं."

"माझं नाव कशाला घेता," आई म्हणाली. "दोन दिवस तुम्हीच जेवला नाहीत."

"काय विचारलं होतंस तरी?"

रेडिओनं सांगितलं. बाबांनी पुढच्या दोन चौकांपर्यंत काही बोलायचं नाकारलं.

सोमवारी वर्गात बातमी आधीच पोचली होती. "म्हणजे तू बोललीस की तुझी शीर आकसते," चष्मिश म्हणाली. "मग एव्हाना तुझ्यात एकही शिल्लक नसायला हवी." सगळ्या हसल्या. रेडिओही हसली. पण त्या दिवशी इतिहासाच्या तासाला उत्तर येत असून तिनं हात वर केला नाही, आणि दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासालाही नाही. गेल्या वर्षीची ती मुलगी दाराच्या फटीतून हळूच आत डोकावत होती. रेडिओला ते समजत होतं आणि त्याची तिला चांगलीच धास्ती बसली होती.

*

पुढच्या आठवड्यात तिसरीच्या वर्गाची पाळी आली, त्यात छोटी होती. ताई बरोबर असेल तरच झोपेन, असं तिनं शिक्षिकांना निक्षून सांगितलं, म्हणून रेडिओला तासावरून बोलावणं आलं.

घरी छोटीला पढवून पढवून पक्कं केलं होतं. एक अक्षर बोलायचं नाही. ती ओठ आत ओढून, डोळे मिटून, लाकडाच्या फळीसारखी पडली. जेलीबाई "तीन" म्हणाल्या तरी तिची पापणी हलली नाही.

रेडिओ पायाशी उभी होती, आज पडदा तिला सरळ दिसत होता. मोठं वर्तुळ मिटलं. उघडताना अर्धवट राहिलं. पेंगणारा डोळा. बटण. "दोन पूर्णांक एक," बाई म्हणाल्या.

रेडिओनं पडद्यावरून छोटीच्या गळ्याकडे बघितलं. प्रोबच्या कडेनं कातडी पांढरी पडली होती. बाईंनी हात उचलला तेव्हा तिथे एक चौकोनी खूण उरली, कडा लाल. आपली तपासणी झाली त्या संध्याकाळी आरशात आपल्याही गळ्यावर अशी रेघ दिसली होती, आणि कॉलर घासली असेल म्हणून आपण ती सोडून दिली होती, हे तिला आठवलं.

मग तिनं आणखी एक गोष्ट पाहिली. बाईंनी पुढच्या मुलाचा क्रमांक लिहायला पेन उचललं. पेन बोटांतून निसटून जमिनीवर पडलं. बोटं मात्र तशीच राहिली, पेन धरल्यासारखी, कागदाच्या दिशेनं जाणारी. कागदाला टेकल्यावर बाईंनी खाली बघितलं, आणि मग वाकून पेन उचललं.

मधली सुटी झाली. डॉक्टर फोनवर बोलत बाहेर गेले. छोटीला वर्गात सोडून रेडिओ परत आली. बाई चहा पीत होत्या, स्टीलच्या पेल्यातून, दोन्ही हातांनी धरून.

"बाई, छोटी बोलत नव्हती."

"कोण छोटी?"

"आत्ताची. माझी बहीण आहे. ती श्वासही जपून घेत होती. तरी तिची दोन आली."

"लहान आहे. लहान मुलांच्या लहान असतात."

"माझी तीन होती, ती शनिवारी अकराच्या जवळ गेली. डॉक्टर म्हणाले, मी बोलले म्हणून."

"बोललीस की. भलतंच विचारलंस."

"विचारलं. पण तुम्ही चित्र थांबवलंत तेव्हा मी गप्प होते." रेडिओनं बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवलं, जिथे ती रेघ उमटली होती तिथं. "तुम्ही दाबताय, बाई."

जेलीबाई टिश्यूंची चळत सरळ करू लागल्या. ती आधीच सरळ होती.

"किती वर्षांची आहेस?"

"पंधरावं लागलंय."

"तुझ्या वयाच्या दुपटीला चारच वर्षं कमी, इतकी वर्षं मी हे करतेय."

"माहितीय."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"ते म्हणाले असते, तुला काय कळतं. आणि मला काय कळतं ते मलाही नक्की नाही कळत. म्हणून तुमच्याकडे आले."

बाईंनी पेला खाली ठेवला. त्या रागावतील म्हणून रेडिओ एक पाय दाराकडे ठेवून उभी होती. पण त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या, दुसऱ्या कुणाची वस्तू टेबलावर राहून गेल्यासारखं.

"तुमच्या शाळेत तराजू आहे का," त्यांनी विचारलं, "आकडे दाखवणारा?"

"प्रयोगशाळेत आहे."

"उद्या साडेआठला. डॉक्टर नऊला येतात."

*

प्रयोगशाळेची किल्ली रेडिओनं कशी मिळवली हे सांगायला घेतलं तर ही गोष्ट तिच्या भाषणाएवढी लांबेल. एवढं पुरे की प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांनी वहीत तिच्या नावावर तराजू लिहिला आणि हरवलास तर परीक्षेला बसू देणार नाही असं बजावलं.

बाई यंत्रापासून सोडवलेला प्रोब स्वच्छ रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. दोघी उंच स्टुलांवर बसल्या. खिडकीतून मैदान दिसत होतं, रिकामं.

"मी शिकायला लागले ना, तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी पंधरा दिवस मला यंत्राजवळ फिरकू दिलं नाही," जेलीबाई म्हणाल्या. "नुसता तराजू. त्यावर प्रोब टेकवायचा, डोळे मिटून. शंभर ग्रॅमच्या आत. त्यात प्रोबचं स्वतःचं वजन आलंच. म्हणजे आपला हात जवळजवळ नसल्यासारखा. सोळाव्या दिवशी त्या म्हणाल्या, आता जा पोरांकडे."

त्यांनी डोळे मिटले. "मी 'आता' म्हणेन तेव्हा वाच."

प्रोब तराजूवर टेकला. बाईंचा चेहरा शांत होता, सव्वीस वर्षं असेल तसा.

"आता."

रेडिओनं आकडा बघितला, मग वाकून पुन्हा बघितला.

"वाच."

"चारशे साठ."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. हात उचलला, पुन्हा टेकवला, या वेळी फार जपून. "आता."

"चारशे नव्वद."

तिसऱ्यांदा पाचशे दहा आले. जपलं तेवढं वाढत होतं. मग बाईंनी डोळे उघडले आणि आकड्याकडे बघत बघत हात हलका करत नेला. तीनशे. दोनशे. एकशे वीस. पंच्याण्णव. तिथे त्यांनी तो धरून ठेवला.

"आलं की," रेडिओ म्हणाली.

"बघून आलं. बघून कुणालाही येईल. काम करताना नजर पडद्यावर असते, तराजू नसतो शेजारी." त्यांनी प्रोब रुमालात ठेवला आणि अंगठा व शेजारची दोन बोटं एकमेकांवर घासली. "ही तीन. गेल्या हिवाळ्यापासून. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या, तेव्हा मला वाटलं बरं झालं."

"कुणाला दाखवलं नाही?"

"रोज तीस डॉक्टर बघते मी. त्यातल्या एकालाही नाही." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "कपातून चहा प्यायचं सोडलं, पेला घेतला. बटणांचे कपडे सोडले, स्वेटर घालायला लागले. भरलेला तांब्या डाव्या हातानं उचलायला लागले. एकेक सोडत गेले. हे तेवढं सुटेना."

मैदानावर पहिलीची मुलं रांगेत येऊ लागली. बाई त्यांच्याकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होत्या.

"चौसष्ट झाली या शाळेतली," त्या म्हणाल्या. "सगळी माझ्या हातची. उद्या कुठेतरी एखादं पोर अत्यवस्थ येईल, तिथला डॉक्टर हा तक्ता उघडून बघेल, तीन मिलिमीटर, आणि बारीक नळी घेईल. किंवा म्हणेल, मानेत नकोच, शीरच नाही. तीन मिनिटं त्यात जातील. त्या पोराकडे तीन मिनिटं नसतील."

"मी कुणाला सांगणार नाही," रेडिओ घाईघाईनं म्हणाली.

"तुला सांगायचंच नाहीये. ते माझं काम आहे." बाई स्टुलावरून उतरल्या. "हा तराजू जरा बरोबर नेते."

नऊ वाजता वाचनालयाच्या काचेच्या दारातून रेडिओला दिसलं ते असं. बाई उभ्यानं बोलत होत्या. डॉक्टर मान हलवून हसत होते, छे छे म्हणत असावेत. मग बाईंनी त्यांच्या लॅपटॉपशेजारी तराजू ठेवला, डोळे मिटले आणि हात टेकवला. डॉक्टरांनी आकडा बघितला. त्यांनी बसायला मागे खुर्ची चाचपली, आणि बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं असावं, किती, कारण त्यांचे ओठ हलले आणि डॉक्टर पुन्हा आकड्यावर वाकले.

*

आठवड्याच्या अखेरीस सगळ्या पालकांना पत्र गेलं. मापं घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाताचा दाब प्रमाणापेक्षा जास्त पडत असल्याचं त्यांनी स्वतः निदर्शनास आणून दिलं आहे. मुलांना कोणतीही इजा झालेली नाही. चौसष्ट मुलांची मापं रद्द करून ती दुसऱ्या हातानं पुन्हा घेतली जातील. तसदीबद्दल दिलगीर आहोत.

पत्रातला 'स्वतः' हा शब्द कुणी वाचला नाही. शाळेच्या फाटकाशी पालकांचे घोळके जमले. एकेचाळीस जणांनी परवानगी काढून घेतली.

"माझ्या दोन्ही पोरींचे गळे दाबले त्या बाईनं," बाबा म्हणाले.

"गळे नाही हो," आई म्हणाली. "शीर."

"शीर कुठे असते? गळ्यातच ना? आणि वर हिच्या बोलण्यावर ढकललं. मी दोन चौक हिच्याशी बोललो नाही." त्यांचा राग त्या दोन चौकांपाशी येऊन अडकत होता, हे रेडिओला दिसत होतं. "अशा माणसाला मुलांजवळ ठेवूच नये. लेखी देणार आहे मी."

वर्गात आता रेडिओला कुणी चिडवत नव्हतं. उलट दोष तिच्या बोलण्याचा नव्हता हे सिद्ध झालं म्हणून लंबूनं आपणहून आणखी एक आठवडा दप्तर उचललं. इतिहासाच्या तासाला तिचा हात पुन्हा वर जाऊ लागला. सगळं तिच्या मनासारखं झालं होतं, फक्त ते गोड लागत नव्हतं.

आणि तराजू परत आला नव्हता. काकांनी दोनदा वही उघडून तिचं नाव तिला दाखवलं. म्हणून पुढच्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती बस पकडून हॉस्पिटलात गेली.

सोनोग्राफीच्या मोठ्या खोलीत कुणी अनोळखी तरुणी काम करत होती. तिनं मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे एका जुन्या यंत्रासमोर जेलीबाई बसल्या होत्या. पुढे ट्रेमध्ये पाणी भरलेला फुगा, ट्रेखाली शाळेचा तराजू. उजवा हात मनगटापासून पट्टीत. प्रोब डाव्या हातात होता, आणि तो हात बघून रेडिओला पहिलीतली मुलं आठवली, पेन्सिल मुठीत धरणारी.

पलंगावर हॉस्पिटलचा पहारेकरी गणवेशाच्या वरच्या गुंड्या सोडून पडला होता. गळ्यावर जेल, हातात वर्तमानपत्र.

"बाई, झालं का? फाटक उघडं आहे माझं."

"झालं, मामा. पुसा."

"या हॉस्पिटलात एवढी वर्षं झाली, पण मला नस आहे हे आज कळलं," मामा रेडिओला म्हणाला आणि गळा पुसत गेला.

"तराजू न्यायला आलीस ना," बाई म्हणाल्या. "दोन दिवस द्यायला हवे होते आणखी. पण शाळेचा आहे, ने."

"काका वही उघडून बसलेत. मी सांगते त्यांना काहीतरी. हात काय म्हणतो?"

"उजव्याची शस्त्रक्रिया आहे पुढच्या महिन्यात. मनगटात दबलंय, ते मोकळं करतील. बोटं परत येतील का, ते सांगत नाहीत." त्यांनी डाव्या हातानं फुग्यावर प्रोब टेकवला आणि डोळे मिटले. "वाच बघू, आलीच आहेस तर."

"एकशे तीस."

"सकाळी एकशे सत्तर होतं." डोळे उघडून त्यांनी वहीत वाकडातिकडा आकडा लिहिला. "डॉक्टरांनी तीन महिने दिलेत. डावा हात मुलांवर चालतो असं त्यांच्यासमोर दाखवलं तर ही खोली माझी. नाहीतर खाली कागदपत्रांच्या खोलीत. मामांवर जमतंय, नर्सांवर जमतंय. मोठ्यांच्या माना जाड असतात, हात खपून जातो. मुलांचं तसं नाही. शीर वरच असते, नुसती चाहूल लागली तरी मिटते."

"मग मुलांवर करा की."

बाईंनी प्रोब बाजूला ठेवला. फुग्यावरचा पाण्याचा थेंब पुसला.

"मागणार कुठल्या तोंडानं," त्या म्हणाल्या.

"मी आहे ना."

"तुला आईबाबा आहेत."

"म्हणून काय झालं?"

"म्हणून आधी घरी विचार. नाही म्हणाले तर मला वाईट वाटणार नाही."

"वाटेल."

"वाटेल. ते बघायला तू यायचं नाहीस, एवढंच."

*

रात्रीचं जेवण उरकून भांडी घासली जात होती. बाबांनी तक्रारीचा कागद रेडिओपुढे सरकवला.

"जरा भाषा बघ. वक्तृत्ववाली आहेस."

तिनं तो वाचला. पूर्ण एक पान, बाबांच्या टोकदार अक्षरात. घोर निष्काळजीपणा, मुलांच्या जिवाशी खेळ, तात्काळ कामावरून दूर. एकही गोष्ट खोटी नव्हती, एखादी जरा फुगलेली होती.

"शुद्धलेखन बरोबर आहे," ती म्हणाली. "एक वाक्य राहिलंय."

"कुठलं?"

"हे त्यांनी स्वतः सांगितलं, ते."

"ते त्यांनी लिहावं. तक्रार माझी आहे."

"खरं आहे ते मात्र," आई नळ बंद करत म्हणाली. "एखादीनं सांगितलंच नसतं, तर कुणाला कळलं असतं?"

"तू आता त्यांची बाजू घेऊ नकोस."

"बाजू नाही घेत. विचारतेय."

छोटी टेबलाखालून एकदा बाबांच्या आणि एकदा ताईच्या पायांकडे बघत होती. रेडिओनं दप्तरातून घडी केलेला एक कागद काढला. हॉस्पिटलातून निघताना तो तिनं डॉक्टरांकडून मागून घेतला होता, आणि डॉक्टरांनी तो देताना तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं होतं. घडी उलगडून तिनं तो तक्रारीच्या शेजारी ठेवला, कडेला कड लावून.

"आई, बाबा, तक्रार पाठवायची तर पाठवा, तुमचा राग खरा आहे. मी मंगळवारपासून शाळा सुटल्यावर हॉस्पिटलात जाणार आहे. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास. डॉक्टर तिथेच बसणार आहेत. बाईंचा डावा हात नवीन आहे, त्याला लहान माणसाचा गळा शिकायचाय, आणि अख्ख्या गावात तो कुणी देत नाहीये. या परवानगीच्या कागदावर खाली दोन रेघा आहेत. मुलीच्या रेघेवर मी सही केलीय. तुमची कोरी ठेवलीय."